मरू न देणारी बाई

कौतिकाबाईंसारखी म्हाताऱ्या माणसाची सेवा करणारी बाई मी पुढे कधी पाहिली नाही. इतक्या रागानं सेवा करणारीही पाहिली नाही. त्यांच्या पोटात एवढा राग आहे, हे मला भिंतीला भिंत लागून राहत असूनही बरेच महिने कळलं नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा काळ असेल. तुमसरला आम्ही राईस मिलच्या मागच्या गल्लीत राहत होतो. माझे यजमान मिलमध्ये मुनीम. गल्लीत दिवसभर उकड्या धानाचा वास असायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर कोंड्याचा थर बसायचा. शेजारच्या घरात राधाबाई एकट्या राहत. वय सत्तरीच्या पुढे, शरीर थकलेलं, आवाज मात्र खणखणीत. एकुलता मुलगा भिलाईला नोकरीत असतानाच वारला होता. त्याची दुसरी बायको तिच्या लेकरांना घेऊन तिकडेच राहिली, ती इकडे फिरकत नसे. येणारा एकच, मधुकर. राधाबाईंचा नातू, मुलाच्या पहिल्या बायकोचा. गोंदियाकडे एका शाळेत मास्तर होता. महिन्याकाठी एखाद्या रविवारी तो पिशवीत केळी घेऊन यायचा.

राधाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्याला सुरी लावू देणार नाही म्हणून त्या अडून बसल्या आणि होतं तेवढं दिसणंही गेलं. त्यातच न्हाणीत पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. ते जुळलं, पण वाकडं जुळलं. चालणं संपलं. मधुकर म्हणाला, माझ्याकडे चल. राधाबाई म्हणाल्या, मी याच घरात मरेन. मग त्यांच्याजवळ राहायला बाई शोधणं सुरू झालं.

बाया येत होत्या आणि जात होत्या. राधाबाई शिव्या द्यायच्या, भात तोंडातून थुंकायच्या, लुगडं नेसवणाऱ्या हाताला चावायच्या. एक बाई तर पाण्याला जाते म्हणून गेली ती घागर आमच्या ओट्यावर ठेवून परस्पर गावाला निघून गेली. आमच्या यजमानांनी मिलमधल्या बायांना विचारून ठेवलं होतं, पण तिथे राधाबाईंची कीर्ती आधीच पोचली होती.

अशात एका सकाळी कौतिकाबाई आल्या. कोणी पाठवलं नव्हतं. बाजारात ऐकलं म्हणाल्या. नाकाडोंगरीच्या. तिकडे मॅंगनीजच्या खाणीवर दगड निवडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्याचा काळा रंग तळहाताच्या रेघांत बसला होता, तो कितीही घासला तरी जात नसे. वय पंचेचाळिशीच्या आसपास. काटक बांधा, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मी त्यांना आत नेलं. राधाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाई आली आहे, असं मी सांगितलं.

"मी कौतिका," त्या म्हणाल्या. "नाकाडोंगरीची."

राधाबाईंनी मान वळवली. दिसत काही नव्हतं, तरी त्या बराच वेळ आवाजाच्या दिशेनं पाहत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील. त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी जेवणही घेतलं नाही. कौतिकाबाई पेजेची वाटी घेऊन खाटेजवळ जमिनीवर बसून राहिल्या. पेज थंड झाली की उठून गरम करायच्या आणि परत येऊन बसायच्या. दिवेलागणीला राधाबाईंनी तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं रूप पालटलं. खाट उन्हात गेली, गोधड्या उकळत्या पाण्यात गेल्या. पडून राहून राधाबाईंच्या पाठीला झालेल्या जखमा मोहाच्या तेलानं आणि सतत कूस बदलून बदलून भरून आल्या. त्यांच्या अंगाला वास येईनासा झाला. गल्लीतल्या सगळ्या बाया कौतिकाबाईंचं उदाहरण आपापल्या सुनांना द्यायला लागल्या.

दोन गोष्टी मात्र माझ्या लक्षात येत होत्या आणि त्यांचा अर्थ लागत नव्हता. एक म्हणजे कौतिकाबाई त्या घरचं काही खात नसत. राधाबाईंसाठी चूल पेटवायच्या, आणि स्वतःसाठी परसात तीन दगड मांडून वेगळा भात शिजवायच्या. तांदूळ त्यांचा, मिरची त्यांची, मीठसुद्धा त्यांचं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "या घरचं मीठ पोटात गेलं तर हात नरम पडन माहा." दुसरी गोष्ट, त्या राधाबाईंना कोणत्याच नात्यानं हाक मारत नसत. आजी नाही, माय नाही, बाई नाही. नुसतं 'उठा', 'प्या', 'कूस बदला'. अहो-जाहो कधी सुटलं नाही, पण ते ऐकताना अंगावर काटा यायचा.

संध्याकाळी त्या राधाबाईंना उचलून ओसरीवर आणून बसवत. दिसत नसलेल्या माणसाला गल्ली दाखवायचं काम त्या मन लावून करायच्या. धानाची गाडी चालली, डावा बैल लंगडून राहिला. मिल सुटली. सायकलवाला पडला, उठला. राधाबाई कान देऊन ऐकायच्या, कधी कधी हसायच्यासुद्धा. तेवढ्यात एखादी बाई लेकरू घेऊन जायची. कौतिकाबाईंचा आवाज बदलायचा नाही, फक्त सावकाश व्हायचा. "बाई चालली. कडेवर पोरगं हाये. दोनक वर्साचं असंन. मायच्या गळ्याले मिठी मारून हाये." राधाबाईंचं हसणं तिथेच थांबायचं. हे एकाही संध्याकाळी चुकायचं नाही. लेकरं घेतलेल्या बाया आमच्या गल्लीत पुष्कळ होत्या.

त्यानंतर त्या राधाबाईंची वेणी घालायला बसत. केस विंचरता विंचरता एकदाच, खालच्या आवाजात विचारत, "सांगता का?" राधाबाई ओठ मिटून घेत. कौतिकाबाई पुन्हा विचारत नसत. वेणी पुरी करायच्या, गाठ मारायच्या, उठायच्या.

त्या थंडीत राधाबाईंना कफ झाला. ताप उतरेना, श्वास लागला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बाहेर येऊन, नातवाला बोलावून घ्या, असं यजमानांना सांगितलं. कौतिकाबाईंनी म्हातारीला उशा लावून बसतं केलं, छाती शेकली, चमच्या-चमच्यानं औषध आणि पाणी घातलं. पापणीला पापणी लावली नसेल त्यांनी. राधाबाई मधेच हात झटकून म्हणायच्या, जाऊ दे मला. कौतिकाबाई हात धरून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमाले जाता येनार नाही. मी जाऊ देनार नाही." ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ती माया वाटली होती.

ताप उतरला, राधाबाईंनी पेज मागितली. मी परसात गेले. कौतिकाबाई भांडी घासत होत्या. मी म्हटलं, सख्खी लेक करणार नाही एवढं तुम्ही केलंत, मोठं पुण्य पदरी पडलं.

त्यांनी हात थांबवला नाही. "पुन्य नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "हिचं तोंड चालू पायजे मले. हे मेली तर माहं कोन सांगन?"

मग भांडी घासता घासता त्यांनी सगळं सांगितलं. राधाबाई त्यांच्या सासू. पंचवीसेक वर्षांपूर्वी हे घराणं पवनीकडे आसगावला होतं, शेती होती. कौतिकाबाई तिथे सून म्हणून गेल्या, मधुकर झाला. मधुकर दोन वर्षांचा असताना राधाबाईंना जास्त जमीनवाल्या घरची मुलगी सापडली. कौतिकाबाई माहेरी आठ दिवस गेल्या होत्या, आजारी बापाला पाहायला. मूल सासूनं ठेवून घेतलं होतं, तिकडे तापाची साथ आहे, लेकराला कशाला नेतेस म्हणून. परत गेल्या तर दाराला आतून कडी. सासूनं गावभर सांगितलं होतं की सून खाणीवरच्या ठेकेदाराबरोबर पळाली. नवऱ्यानं ते खरं मानलं, की मानणं सोयीचं होतं, ते त्यालाच माहीत. पंच बसले. त्यांनी राधाबाईंचं ऐकलं. त्यानंतर कौतिकाबाई दोनदा-तीनदा आसगावला गेल्या. लोकांनी पोरांच्या हातून दगड मारवले. मग घराणंच जमीन विकून तुमसरला आलं, आणि इथे कोणाला काही ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मधुकर..." मी म्हटलं.

"माहा," त्या म्हणाल्या. "मले मावशी म्हनते."

मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा ना त्याला. त्यांनी राखेचा हात पदराला पुसला. "मी सांगतलं तर काय होईन? पळालेली बाई म्हातारपनी पोराजवळ आसरा मागाले आली, असंच म्हनन तो. ज्या तोंडानं मले बदनाम केलं, त्याच तोंडानं परत घेतलं पायजे. चार लोकांत." त्या आणि राधाबाई सोडून इथे हे कोणाला माहीत नाही, आणि राधाबाई बोलणार नाहीत. बोलल्या तर त्यांची पंचवीस वर्षांची लबाडी उघडी पडेल. म्हणून त्या कौतिकाबाईंना हाकलूही शकत नव्हत्या.

मी हे कोणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून ओसरीवरचं ते 'सांगता का' माझ्या कानांत वेगळंच वाजायला लागलं.

राधाबाईही काही कमी नव्हत्या. पुढच्या रविवारी मधुकर आला तेव्हा त्यांनी रडून सांगितलं की ही बाई मला उपाशी ठेवते, चिमटे काढते. मी तिथेच होते. मधुकरनं आजीचे हात पाहिले, पाठ पाहिली, पाय पाहिले. कुठे ओरखडा नव्हता. तो ओशाळून बाहेर आला आणि कौतिकाबाईंना म्हणाला, "मावशी, मनावर घेऊ नका. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. मलाही तिच्याशिवाय कोणी नाही."

कौतिकाबाईंनी विचारलं, "तुमची माय?"

"ती मला टाकून पळून गेली होती. मी लहान होतो. कुठे मेली असेल तर असेल."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"आजीनं. आईचं नावही तिनं कधी सांगितलं नाही."

कौतिकाबाई वळून दारात गेल्या. आत खाटेवर राधाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "आयकलं का?" एवढंच त्या म्हणाल्या. मधुकरला वाटलं, त्या चुगलीबद्दल बोलत आहेत. तो पुन्हा माफी मागायला लागला. कौतिकाबाईंनी त्याला पाण्याचा गडू दिला. तो देतानाही बोटाला बोट लागू दिलं नाही. तो गेल्यावर त्या परसात जाऊन लाकडं फोडत बसल्या. त्या दिवशी लागत होती त्याच्या कितीतरी जास्त फोडली.

असंच आणखी वर्षभर गेलं. राधाबाईंचं वजन वाढलं, गालांवर रंग आला. त्यांना आता दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे. कौतिकाबाई बाजारात गेल्या आणि मी पाणी द्यायला गेले, तर वाटी चाचपडून म्हणायच्या, ती कुठे गेली? येईल ना? कौतिकाबाईंना हे दिसत होतं. माणसाला लहान लेकरासारखं आपल्यावर अवलंबून करायचं आणि मग काय करायचं, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. पण ते मला तेव्हा कळलं नाही.

मधुकरचं लग्न जुळत होतं. मुलीकडची माणसं घर पाहायला येणार होती. मुलीचे वडील, मामा आणि दोन वडीलधाऱ्या बाया. भिलाईच्या सावत्र आईनं येत नाही म्हणून कळवलं, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणून राधाबाईच. पोहे करायला मी गेले होते. सकाळीच कौतिकाबाईंनी राधाबाईंना न्हाऊ घातलं, पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसवलं, लाकडी खुर्चीत बसवलं. केस विंचरले. मी चुलीजवळ होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"आज अखेरचं इचारून राहिली," कौतिकाबाई म्हणाल्या. "आज नाही सांगतलं तर मी चालली. माहं गाठोडं बांधून हाये."

राधाबाईंचा हात कौतिकाबाईंचा पदर शोधत होता, तो मला तिथूनही दिसला. पदर त्यांच्या हाताला लागला नाही.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलीचे मामा सभ्य माणूस होते, पण ते विचारण्यासाठीच आले होते. त्यांनी घसा साफ करून मधुकरच्या आईचा विषय काढला. म्हणाले, आमच्या कानावर काही आलं आहे, वाईट वाटून घेऊ नका, पण मुलगी द्यायची तर विचारावं लागतं. मधुकरची मान खाली गेली. कौतिकाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं गाठोडं त्यांच्या पायाजवळ होतं. त्यांनी ते हातात उचललं. त्यातल्या पितळी डब्याचा आवाज झाला.

तो आवाज राधाबाईंनी ऐकला.

"त्याची माय पळाली नाही," त्या म्हणाल्या. आवाज तोच, खणखणीत. "मी हाकलली तिले. मले जमीनवाली सून पायजे होती. ठेकेदाराचं मी रचलं. पोरगं मी ठेवून घेतलं. थे चांगली होती." मग श्वास घेऊन म्हणाल्या, "थे हेच हाये. दारात उभी हाये."

मधुकरनं मान वर केली. तो कौतिकाबाईंकडे पाहतच राहिला. मुलीकडच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. मी पोह्यांची ताटली हातात धरून उभी होते, ती खाली ठेवायचं मला सुचेना. आता कौतिकाबाई रडतील, मुलाला पोटाशी धरतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं असेल. मला तरी वाटलं.

राधाबाईंनी दोन्ही हात पुढे केले होते. "सांगतलं न मी," त्या म्हणत होत्या. "सांगतलं न, कौतिका. आता जाऊ नको."

कौतिकाबाईंनी गाठोडं काखेत घेतलं.

"नाही सांगतलं तर जाईन, असं म्हनलं होतं मी," त्या म्हणाल्या. "सांगतलं तर राहीन, असं कवा म्हनलं?"

आणि त्या ओसरी उतरून गेल्या. त्यांची चाल रोजच्यासारखीच होती, पाण्याला निघाल्यासारखी. राधाबाई हाका मारत राहिल्या. आधी नावानं, मग बाई म्हणून, मग माय म्हणून. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात असणार. कौतिकाबाईंनी मागे पाहिलं नाही.

मधुकर मागून धावला. मोटार स्टँडवर त्यानं त्यांना गाठलं. तिथे काय झालं ते त्यानं पुढे मला थोडंसं सांगितलं. त्यानं पाय धरले तेव्हा कौतिकाबाई म्हणाल्या होत्या, "तुह्यावर राग नाही माहा. पन आताच माय नको म्हनू. मावशीच म्हन. मले टाईम लागंन." आजीसाठी तरी परत चला, असं तो म्हणाला, तेव्हा त्या गाडीत चढून बसल्या.

लग्न मोडलं नाही. मामा म्हणाले, इतकं खरं बोलणारं घर आम्ही पाहिलं नाही. कोणामुळे बोललं गेलं, हे त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

राधाबाईंसाठी मधुकरनं दुसरी बाई ठेवली. चांगली होती, मायाळू होती. राधाबाईंनी तिला शिवी दिली नाही, भात थुंकला नाही, खाल्लाही फारसा नाही. दारात पाऊल वाजलं की विचारायच्या, कौतिका का? मधुकर दोनदा नाकाडोंगरीला जाऊन विनवून आला. कौतिकाबाईंनी त्याला बसवलं, जेवू घातलं आणि आल्या नाहीत. मी स्वतः एकदा निरोप पाठवला की म्हातारी झुरते आहे, एकदा भेटून जा. उत्तर आलं, "झुरू द्या." उन्हाळा संपायच्या आत राधाबाई गेल्या. शेवटी फक्त तेच नाव होतं तोंडात. मधुकर सांगायला गेला तेव्हा कौतिकाबाई अंगणात धान वाळवत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, मुठीत धान घेऊन पाहिलं, अजून ओलं आहे म्हणाल्या.

मी त्यांना अखेरचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, मधुकरच्या मुलीच्या बारशाला. आमचं तुमसर सोडायचं ठरलं होतं, मी मुद्दाम गोंदियाकडे गेले. तोवर कौतिकाबाई मुलाकडे अधूनमधून राहायला लागल्या होत्या. मधुकर त्यांना माय म्हणत होता आणि त्या ओ देत होत्या. पाळण्याची दोरी त्यांच्या हातात होती. बाया जमल्या, पाळणे म्हणून झाले. नाव ठेवायची वेळ आली तशी नात्यातली एक म्हातारी म्हणाली, पणजी गेल्यावर झालेली पोर आहे, राधा ठेवा, चालत आलेलं नाव आहे. दोघीतिघींनी मान डोलावली. मधुकर आईकडे पाहायला लागला.

"थे नाव या घरात नाही," कौतिकाबाई म्हणाल्या. "दुसरं कोनतंबी ठेवा."

मुलीचं नाव सुमन ठेवलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या, बाया आपापसात बोलायला लागल्या. मी पाळण्याजवळ जाऊन बाळ पाहिलं आणि दचकले. रुंद कपाळ, टोकाला खाली वळलेलं नाक, मिटलेले पातळ ओठ. राधाबाईच. कौतिकाबाईंनी माझा चेहरा वाचला.

"नाक तिचंच हाये," त्या हळू म्हणाल्या. "पायल्या दिवशीच दिसलं मले. आता त्याले मी काय करू, वहिनी?"

बाळ कुरकुरलं. त्यांनी दोरी ओढली.